ताई, गाडी विकू नका. पण तिचं सगळं ऐकूही नका

वाचकाचं पत्र

मी अमळनेरला राहते. वय 53. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि कित्येक वर्षं स्वतः गाडी चालवत शाळेत जाते. जुनी लहान गाडी होती, तिचं सगळं हातापायाला ठाऊक होतं. दिवाळीत मुलाने पुण्याहून हट्ट धरला आणि नवी मोठी गाडी आली, सगळ्यात वरचं मॉडेल. तेव्हापासून मला गाडी काढायचीच धास्ती वाटते. एसीचा पंखा कमी करायचा तर स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. स्टिअरिंग मध्येच ओढ घेतं. मोटरसायकल आडवी आली की गाडी स्वतःच करकचून ब्रेक मारते. फाटकावर थांबलं की इंजिन बंद पडतं. सारखं काहीतरी वाजत असतं. मृगाच्या पहिल्या पावसात चोपड्याच्या रस्त्यावर समोरची काच धुरकटली. मी स्क्रीनवर बटण शोधत राहिले आणि गाडी साइडपट्टीवरून खाली उतरली. समोरून केळीचा ट्रक येत होता. थोडक्यात वाचले. मुलगा म्हणतो, "आई, व्हिडिओ बघून शिकून घे." हे म्हणतात, "आता वय झालं, ड्रायव्हर ठेवू." गाडी मन्ही शे, पन मन्हं ऐकत नही, अशी गत आहे. विकून टाकू का? की खरंच माझंच चुकतंय?

ता. क. धुळ्याची माझी बहीणही गाडी घ्यायची म्हणते. तिला काय सांगू?

उत्तर

ताई,

आधी त्या पावसाच्या दिवसाबद्दल बोलू. बाकीच्या तक्रारी त्यामानाने लहान आहेत.

काच धुरकटलेली, समोरून ट्रक, आणि त्या घडीला जी एकच गोष्ट हवी होती ती स्क्रीनच्या आत कुठल्या तरी पानावर. ती शोधायला तुमची नजर आत वळली. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की 50 मीटर रस्ता न बघता कापला गेला. तुमच्या जागी पंचविशीतला तरुण असता तरी मीटर तेवढेच गेले असते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीलाच देते: तुमचं चुकलेलं नाही. ज्यांनी ते बटण पानांच्या आड ठेवलं, त्यांचं चुकलं.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. 2022 मध्ये स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' या मोटार-मासिकाने अकरा नव्या गाड्या आणि त्यांच्यासोबत 2005 ची एक व्होल्व्हो धावपट्टीवर 110 च्या वेगात चालवून बघितल्या. कामं साधीच होती. तापमान वाढवायचं, काचेवरची वाफ घालवायची, रेडिओवर ठरलेलं स्टेशन लावायचं, डॅशबोर्डचा उजेड कमी करायचा, अशी. सतरा वर्षं जुन्या, बटणांच्या व्होल्व्होत ही सगळी कामं 10 सेकंदांत उरकली आणि तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीत 44.6 सेकंद लागले, म्हणजे 1372 मीटर. मुलाला यातली एक गोष्ट मुद्दाम सांगा. त्या चालकांना परीक्षेआधी प्रत्येक गाडी नीट समजून घ्यायला वेळ दिला होता. 'शिकून घे' हे त्यांनी आधीच केलं होतं, तरी हा निकाल लागला.

यजमानांना दुसरी गोष्ट सांगा. 21 ऑगस्ट 2017 ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि 10 नौसैनिक गेले. चौकशीत प्रशिक्षणातल्या उणिवा निघाल्या, तशीच टचस्क्रीनवरच्या नियंत्रणांची गुंतागुंतही निघाली. नौका कुठल्या जागेवरून कोण चालवतंय, हेच त्या क्षणी खलाशांना उमगलं नव्हतं. 2019 मध्ये नौदलाने त्या प्रकारच्या नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. समुद्रावर नोकरी करणाऱ्या माणसांची अशी गत होत असेल, तर पावसात चोपड्याच्या रस्त्यावर एकट्या असलेल्या बाईला 'वय झालं' म्हणणं बरोबर नाही. मला ते वाचून फार वाईट वाटलं.

मग कंपन्या असं का करतात? एक तर खर्च. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, ते जोडणारा हात लागतो. एक स्क्रीन बसवली की सगळं सॉफ्टवेअरमध्ये ढकलता येतं आणि हीच स्क्रीन खालच्या-वरच्या सगळ्या मॉडेलांत चालते. दुसरं कारण शोरूममधलं आहे. तिथे गाडी उभी असते, एसी चालू असतो, विक्रेता शेजारी बसून बोट फिरवून दाखवतो आणि मोठी चकचकीत स्क्रीन डोळ्यांत भरते. पावसात तापीच्या पुलाकडे जाताना ती कशी वागेल, हे तिथे कोणी बघत नाही. फीचरची यादी जितकी लांब तितकी किंमत वर, आणि आपणही दोन गाड्यांची तुलना करताना याद्याच मोजतो.

आता वारं थोडं फिरलं आहे. 2025 मध्ये फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी उघडपणे सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्ड दिवे (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे) यांची खरी बटणं यापुढे त्यांच्या गाड्यांतून जाणार नाहीत. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींना हाताला लागणारं स्वतंत्र बटण नसेल तर गुण कापायचं ठरवलं. काचेवरची वाफ घालवायचं बटण त्या यादीत नाही, हे मला खटकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते हॉर्नइतकंच गरजेचं आहे. आपलं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं, पण त्याचा भर धडकेतून माणूस वाचतो का यावर आहे. स्क्रीनकडे बघता बघता धडक होऊ नये, हा मुद्दा आपल्याकडे अजून पुढे यायचा आहे.

तुमच्या दारात उभी असलेली गाडी मात्र आहे तशीच आहे. तिच्याशी कसं वागायचं? मी एकच कसोटी लावते. जे काम चालत्या गाडीत करावं लागतं, ते रस्त्यावरची नजर न काढता जमलं पाहिजे. स्वयंपाक करताना गॅसच्या शेगडीचं बटण तुम्ही बघत नाही, हात आपसूक जातो, तसं. जे असं जमत नाही ते गाडी निघण्याआधी उरकायचं, नाहीतर गाडी थांबवून. तुमच्या एकेक तक्रारीला ही कसोटी लावून बघा.

काचेपासून सुरुवात करू. तुमच्या गाडीतही स्क्रीनखाली किंवा डाव्या हाताला समोरच्या काचेसाठी वेगळं बटण असण्याची बरीच शक्यता आहे. त्यावर पंख्यासारखी वक्र चौकट आणि वर जाणाऱ्या तीन वळणदार रेषा असतात. साधी आयताकृती चौकट असेल तर ते मागच्या काचेचं. अंगणात गाडी उभी असताना ते शोधा आणि डोळे मिटून हात तिथे जाईपर्यंत सराव करा. ते स्क्रीनच्या आतच असेल, तर पावसाचं वातावरण दिसलं की निघण्याआधीच हवा काचेकडे वळवून ठेवा, एसी चालू ठेवा आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद करा. पावसाळ्यात काच आतून धुरकटते ती आपल्या श्वासाच्या आणि ओल्या कपड्यांच्या दमटपणाने. एसी ती हवा कोरडी करतो, म्हणून थंडी वाजत असली तरी तो लागतो. कधीकधी मात्र वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते, कारण एसीने काच फार गार झालेली असते. तेव्हा वायपर एकदा फिरवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा आणि हवा काचेवरून काढून पायाकडे घ्या. वाफ आत आहे की बाहेर, हे बोट लावून लगेच कळतं. आणि काही दिसेनासंच झालं तर इंडिकेटर देऊन, वेग हळूहळू कमी करत गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्या, हॅझर्ड लावा, मग काय ते शोधा. शाळेत पाच मिनिटं उशिरा पोचलात तरी चालेल.

एसीचा रोजचा वैताग 'ऑटो' या एका बटणाने जवळजवळ संपेल. 24 किंवा 25 वर ठेवा आणि 'ऑटो' दाबून सोडून द्या. पंख्याचा जोर ते स्वतः कमी-जास्त करतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा उन्हात उभी असलेली गाडी काढताना आधी चारही दारं थोडा वेळ उघडी ठेवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मगच एसी. नाहीतर 'ऑटो' पहिली दहा मिनिटं पंखा पूर्ण जोरात ठेवेल आणि तुम्हाला पुन्हा स्क्रीनला हात लावावासा वाटेल. पंख्यासाठी स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं म्हणता, तर मुलाला पुढच्या खेपेला एवढंच करायला सांगा: मुख्य पानावर एसीचा शॉर्टकट आणून ठेव, आणि स्टिअरिंगवर आपल्या मर्जीने काम ठरवता येणारं बटण असेल तर ते लावून दे. काही गाड्यांत त्यावर चांदणी असते. व्हिडिओची लिंक पाठवण्यापेक्षा आईशेजारी बसून केलेलं अर्ध्या तासाचं हे काम जास्त मोलाचं आहे. बोलून हुकूम देण्याची सोयही असेल, पण खडखडत्या रस्त्यावर, पावसाच्या आवाजात तिच्या भरवशावर राहू नका.

स्टिअरिंग ओढ घेतं ते लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे. आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो आणि गाडी पट्ट्यावरून सरकतेय असं वाटलं की स्टिअरिंग मागे ढकलतो. दुपदरी रस्ता, अर्धे पुसलेले पट्टे, खड्डा चुकवायला घेतलेलं वळण, यातलं त्याला काही कळत नाही. एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: इंडिकेटर दिला की ती ओढ सहसा येत नाही, कारण तुम्ही जाणूनबुजून वळताय हे गाडीला समजतं. बैलगाडीला किंवा सायकलवाल्याला ओलांडताना इंडिकेटर द्यायची सवय तुम्हाला असेलच, ती इथे कामी येईल. गावाकडच्या रस्त्यावर ही यंत्रणा सरळ बंद ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू केलं की ती पुन्हा चालू होते, म्हणून सीटबेल्ट लावताच ती बंद करायची सवय लावून घ्या. धुळे-सुरत किंवा जळगावकडच्या महामार्गावर पट्टे ठळक असतील तिथे हवी तर वापरून बघा.

आपोआप ब्रेकबद्दल माझं मत वेगळं आहे. तो बंद करू नका. तो दचकवतो, मागे ट्रक असला तर भीतीही वाटते, पण पोर अचानक रस्त्यात धावून आलं तर पायाच्या आधी तोच दाबला जाईल. त्याच्या सेटिंगमध्ये इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा, असा पर्याय बऱ्याच गाड्यांत असतो. 'उशिरा' निवडा, उगाच दचकणं कमी होईल. आरशामागची काच आणि पुढच्या जाळीचा भाग रोज फडक्याने पुसा. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि पावसातला चिखल तिथे बसला की यंत्राला नीट दिसत नाही. समोर काहीच नसताना ब्रेक लागला, तर जागा आणि वेळ वहीत लिहा आणि सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर तशी नोंद करायला लावा. तोंडी सांगून सोडू नका. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो अचूक बसवलेला आहे का, हे तपासून मागा. पुनःपुन्हा तेच होत असेल आणि दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जळगावला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे जॉब कार्डचे कागदच तुमच्या बाजूने बोलतील. आणि पुढच्या गाडीमागे स्वतःच वेग सांभाळत धावणारा क्रूझ कंट्रोल असेल, तर तो कपाशीच्या मोसमात आपल्या रस्त्यांवर अजिबात लावू नका. अंधारात मागे दिवा नसलेली, कापसाने चहूबाजूंनी फुगलेली ट्रॉली ओळखायला तुमचे डोळे आणि इतक्या वर्षांची सवयच हवी.

फाटकावर बंद पडणारं इंजिन म्हणजे इंधन वाचवायची सोय. गोल बाणाच्या आत 'ए' असं बटण असतं, ते दाबलं की बंद. वैशाखात इंजिन थांबलं की एसीचा गारवाही जातो, तेव्हा ते दाबलेलंच बरं. वाजण्याचं म्हणाल तर त्यातलं काही कंपनीच्या हौसेचं नाही, कायद्याचं आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टचा आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. 80 च्या वर गेलं की अधूनमधून वाजतं, 120 च्या वर सतत. ते बंद करायचा जुगाड कोणी सुचवला तरी करू नका. बाकीचे आवाज, म्हणजे लेनचा किंवा दमल्याची आठवण करून देणारा, सेटिंगमधून बारीक करता येतात.

तुम्ही लिहिलं नाही, पण सगळ्यात वरचं मॉडेल म्हणजे छताला मोठी काच असेलच. आपल्या उन्हात तिचा पडदा मार्च ते जून ओढलेलाच असू द्या. पावसाळ्याच्या तोंडी तिच्या कोपऱ्यांतल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साफ करून घ्या, धूळ आणि पाला अडकला की पाणी आत गळतं. नातवंडं, भाचरं वरातीत त्या काचेतून उभं राहायला मागतील, तिथे तुमचा शाळेतला आवाज वापरा. पाऊस ओळखून आपोआप फिरणारा वायपर उन्हाळ्यात बंद ठेवा, कारण कोरड्या धुळीवर तो फिरला की काचेवर ओरखडे उठतात. खिशात ठेवायच्या किल्लीत नाण्यासारखा सेल असतो, त्याचा एक जादा नग पर्समध्ये टाका. सेल संपलाच तर किल्लीच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली दार उघडते, आणि बहुतेक गाड्यांत किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की गाडी सुरू होते. हे आजच एकदा करून बघा, म्हणजे शाळेबाहेर संध्याकाळी एकटं अडकायची भीती जाईल.

एक फीचर मात्र मनापासून वापरा: ऑटो होल्ड. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वाहनांची रांग लागली की गाडी मागे सरकू न देता ते धरून ठेवतं, पायाला आराम मिळतो आणि त्यासाठी कुठे बघावंही लागत नाही. माझ्या कसोटीला पूर्ण उतरणारी ही सोय आहे. अशा आणखी काही तुमच्या गाडीत नक्की सापडतील, पण त्या रविवारी अंगणात शोधा. एका रविवारी दोनच गोष्टी, त्याहून जास्त नको.

ड्रायव्हरचं काय? नको. निदान या कारणासाठी तरी नको. तुम्हाला गाडी चालवता येते, ती इतकी वर्षं चालवली आहे. तुमचं स्वतःचं येणं-जाणं एका वाईट मांडणीपायी दुसऱ्याच्या वेळेवर टाकू नका. एकदा उभ्या गाडीत यजमानांना ड्रायव्हरच्या जागी बसवा, नजर फाटकावरून हलवायची नाही असं सांगा आणि पंखा कमी करायला, काचेवरची वाफ घालवायला, आवाज बारीक करायला लावा. त्यांना जमलं नाही तर कळेल की अडचण वयाची नव्हती. जमलं, तर त्यांच्याकडून शिकून घ्या. विकण्याचा विचार मात्र सध्या बाजूला ठेवा. नवी गाडी वर्षाच्या आत विकली की भाव फार पडतो, आणि तुमच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा वर सांगितल्याने मिटतील. पुढच्या पावसाळ्यातही तेवढीच धास्ती वाटली, तर खुशाल विका आणि घरच्यांना कारण सांगत बसू नका.

आता धुळ्याच्या ताईंसाठी. शोरूमला संध्याकाळी जाऊ नका, भर दुपारी जा, आणि गाडी उन्हात उभी करायला सांगा. स्क्रीनवर ऊन पडल्यावर अक्षरं दिसतात का ते कळेल. ड्रायव्हरच्या जागी बसून डोळे मिटा आणि आवाज, पंखा, तापमान, समोरची काच आणि हॅझर्ड यांची बटणं हाताने शोधा. पाचांतली चार तरी सापडली पाहिजेत, आणि त्यात काचेचं असलंच पाहिजे. लळिंगच्या घाटापर्यंत स्वतः चालवत जा, विक्रेत्याला मागे बसवा. सगळ्यात वरचं मॉडेल गळ्यात मारू देऊ नका. त्याच गाडीच्या मधल्या किंवा खालच्या मॉडेलात एसीची गोल फिरणारी बटणं पुष्कळदा अजून असतात, आणि पैसेही वाचतात. फक्त खालचं घेताना सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएससी त्यातून काढून टाकलेली नाही ना, हे माहितीपत्रकात बोट ठेवून बघायला सांगा. तेवढं असेल तर स्क्रीन लहान असली तरी चालेल.